मातीवरची मुद्रा

कुंभाराशी आपला संबंध जन्मभराचा आहे. संक्रांतीचे सुगड, अक्षय्य तृतीयेचा करा, नवरात्रातील घट, लग्नघरातील उतरंड आणि अखेरीस स्मशानात फुटणारे मडके, ही सारी त्याच्याच चाकावरची. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान ठरलेले होते आणि सुगीला त्याचा वाटाही ठरलेला होता. परंतु त्याने घडवलेल्या भांड्यावर त्याचे नाव कधी उमटले नाही. साऱ्या महाराष्ट्राला नावाने ठाऊक असलेला कुंभार एकच, आणि तो म्हणजे तेरचे संत गोरोबा. पण त्यांचे नाव राहिले ते भक्तीमुळे आणि अभंगांमुळे, मडक्यामुळे नव्हे.

विसाव्या शतकात मात्र कुंभारांची एक नवीनच जात जगात उदयाला आली. हा कुंभार वंशपरंपरेने कुंभार नव्हता. तो शिकलेला होता, बहुधा चित्रकलेच्या शाळेतून आलेला होता आणि आपल्या भांड्याच्या बुडाशी आपली मुद्रा उठवीत होता. इंग्रजीत त्याला 'स्टुडिओ पॉटर' म्हणतात. आम्ही त्याला 'कलावंत कुंभार' म्हणू. त्याच्या कलेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचा दिवस कसा जात असे, पोट कसे भरत असे आणि त्या मुद्रेमागे नेमके किती हात होते, ह्याचा विचार त्या मानाने कमी झाला. तो आज करावयाचा आहे. त्यासाठी ह्या पंथाचे मूळपीठ मानली गेलेली एक कार्यशाळा आपण पाहू. ती इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात सेंट आइव्हज ह्या गावी आहे आणि तिचा संस्थापक होता बर्नार्ड लीच.

असा कुंभार इंग्लंडातच का निपजावा, ह्याला कारण आहे. ज्या देशात यंत्रयुग प्रथम आले, त्याच देशात हातकामाची आठवण प्रथम झाली. जोसाया वेजवुड ह्याने १७६९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एट्रुरिया नावाचा आपला कारखाना उघडला आणि कुंभारकामाचे तुकडे केले. एकाने माती कालवावी, दुसऱ्याने भांडे घडवावे, तिसऱ्याने कान लावावेत, चौथ्याने चित्र काढावे अशी ती व्यवस्था होती. भांडी स्वस्त झाली, सारखी झाली आणि घरोघर पोहोचली. हा लाभ लहान नव्हता. पण संबंध भांडे आपले म्हणता येईल असा माणूस मात्र त्या कारखान्यात उरला नाही. खेड्यापाड्यांतील कुंभारही पुढे पत्र्याच्या आणि कारखानी भांड्यांपुढे एकेक करून बसत गेले. रस्किन आणि विल्यम मॉरिस ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ह्याविरुद्ध आवाज उठवला. कामातला आनंद गेला की माणूसही उणा होतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. ह्या विचारावर पोसलेल्या पिढीत लीच जन्मला.

त्याचा जन्म १८८७ सालचा, हाँगकाँगमधला. जन्मतःच आई वारली, म्हणून बालपणाची पहिली काही वर्षे आजोळच्या माणसांबरोबर जपानात गेली. पुढे लंडनमध्ये त्याने चित्रकलेचे आणि धातुपत्र्यावर कोरून छापण्याच्या कलेचे शिक्षण घेतले आणि १९०९ साली हीच कला शिकवण्याच्या हेतूने तो जपानला गेला. तेथे १९११ साली एका मित्रमेळ्यात पाहुण्यांपुढे कच्ची भाजलेली भांडी ठेवण्यात आली. ज्याने त्याने त्यांवर रंग द्यावा, आणि तासाभरात ती लहान भट्टीतून लालबुंद बाहेर यावीत, असा तो खेळ होता. लीचचे आयुष्य त्या खेळाने बदलले. केंझान ह्या जुन्या कुंभारपरंपरेतील सहाव्या पुरुषाकडे तो शिकू लागला. यानागी सोएत्सु हा विचारवंत आणि हामादा शोजी हा रसायन शिकलेला तरुण कुंभार, हे त्याचे जन्माचे सोबती झाले. १९२० साली लीच कुटुंबासह इंग्लंडला परतला, तेव्हा हामादाही त्याच्याबरोबर आला. सेंट आइव्हज येथे हस्तव्यवसायांना उत्तेजन देऊ पाहणाऱ्या फ्रान्सिस हॉर्न नावाच्या बाईंनी भांडवल पुरवले आणि गावाबाहेरच्या चढावर ओढ्याकाठी कार्यशाळा उभी राहिली.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहता ही जागा चुकीची होती. आपला कुंभार जेथे माती, पाणी आणि सरपण असते तेथे वस्ती करतो. सेंट आइव्हज येथे पाणी होते. पण हव्या त्या जातीची माती जवळ नव्हती आणि वाऱ्याने झोडपलेल्या त्या किनाऱ्यावर झाडे विरळ, म्हणून लाकूडही नव्हते. लीच आणि हामादा ह्यांनी जपानी पद्धतीची, चढणीवर पायऱ्यांसारखे कप्पे असलेली भट्टी बांधली. पाश्चात्त्य देशांतील ह्या प्रकारची ती पहिली भट्टी म्हणून ओळखली जाते. ती नीट चालेना. १९२२ साली मात्सुबायाशी त्सुरुनोसुके हा जपानातील जुन्या कुंभारघराण्यातला जाणकार तेथे आला आणि त्याने तीन कप्प्यांची भट्टी नव्याने बांधून दिली. ती पुढे सुमारे अर्धशतक चालली.

आता ह्या कार्यशाळेतील नित्याचे काम पाहू. 'कलावंत' म्हटले की चाकावर बसलेला, डोळे मिटून स्फूर्तीची वाट पाहणारा पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात चाकावरचे काम हा त्याच्या व्यापाचा लहानसा भाग असतो. पहिले काम मातीचे. वेगवेगळ्या खाणींतल्या माती मोजून घ्यावयाच्या, पाण्यात कालवावयाच्या, चाळणीतून गाळावयाच्या आणि आळवत ठेवावयाच्या. मग ती हाताने मळावयाची. कणीक मळताना गृहिणी जी काळजी घेते तिच्याहून अधिक काळजी येथे लागते. कारण मातीत बुडबुडा वा खडा राहिला, तर भट्टीत भांडे फुटते. मळलेल्या मातीचे तोलून सारखे गोळे करावयाचे. पाण्याच्या तांब्याला इतकी माती, पेल्याला इतकी, हे वजन ठरलेले असते. मग चाक. आपल्याकडे कुंभार जड चाकाला काठीने गती देतो आणि ते फिरते आहे तोवर भांडे उतरवतो. सेंट आइव्हज येथे बैठक असलेले, पायाने दांडी हलवून फिरवावयाचे चाक असे. एकामागून एक पेले फळीवर उतरत जातात. फळी भरली की ती वाळत घालावयाची. पण पूर्ण वाळू द्यावयाची नाही. दुसऱ्या दिवशी भांडे चामड्यासारखे घट्ट झाले, की ते उलटे करून त्याचे बूड तासावयाचे आणि कान लावावयाचा. कान लवकर लावला तर वाकतो, उशिरा लावला तर तडकतो. म्हणजे कुंभाराचा दिवस घड्याळापेक्षा हवेवर चालतो. दमट हवेत त्याला थांबावे लागते, कोरड्या वाऱ्यात धावावे लागते.

त्यानंतर पहिली भाजणी, मग झिलई आणि मग दुसरी, खरी भाजणी. झिलई म्हणजे काचेचा पातळ थर. दगडाची पूड, माती आणि राख पाण्यात कालवून भांडे त्यात बुडवावयाचे. भट्टीत हे मिश्रण वितळून काच होते. राख कोणत्या झाडाची, ह्यावर रंग आणि तकाकी बदलते. लीचच्या पहिल्या शिष्यांपैकी कॅथरिन प्लेडेल-बूव्हरी आणि नोरा ब्रेडन ह्या दोघींनी नाना झाडांची राख वापरून झिलईचे प्रयोग केले, ते ह्या विद्येत प्रमाण मानले जातात. भट्टी रचणे हे तर स्वतंत्र शास्त्रच. ज्वाळेला वाट राहिली पाहिजे, आणि भांडे भांड्याला लागता कामा नये. लागले तर वितळलेल्या झिलईने दोन्ही कायमची जडतात. मग पेटवणे. उष्णता सुमारे १,२५० ते १,३०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावयाची. त्याला दिवस-रात्र आणि आणखी काही तास लागत. शेवटच्या टप्प्यात कुंभार झोपत नाही. नंतर भट्टी निवेपर्यंत थांबावयाचे. उतावीळपणे उघडली तर गार वाऱ्याने भांडी तडकतात. कित्येक आठवड्यांचे काम त्या विटांच्या आड असते आणि ते साधले की बुडाले हे दार फोडल्यावरच कळते.

पहिली कित्येक वर्षे ते पुष्कळदा बुडाले. जी भांडी चांगली निघत, त्यांना लंडनमधील थोडे रसिक आणि जपानमधील जुने मित्र गिऱ्हाईक म्हणून लाभत. जपानात प्रदर्शने भरवून ह्या मित्रांनी लीचला सावरले. सामान्य इंग्रज गृहिणीला मात्र ती करड्या, तपकिरी रंगाची जड भांडी परवडत नव्हती आणि आवडतही नव्हती. म्हणजे जो माणूस नित्याच्या वापरातील सुंदर भांडे घरोघर जावे म्हणून राबत होता, त्याची भांडी श्रीमंतांच्या काचेच्या कपाटांत जाऊन बसत होती. ही विसंगती लीचला जाणवत होती. १९३० नंतरच्या काळात त्याला डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन येथील संस्थेने हात दिला. ह्या संस्थेचे चालक लेनर्ड एल्महर्स्ट म्हणजे रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात ग्रामोद्धाराचे काम केलेले गृहस्थ. पण दानावर कार्यशाळा किती काळ जगणार?

तिला जगवले ते निराळ्याच गोष्टीने. लीचचा थोरला मुलगा डेव्हिड हा स्टोक-ऑन-ट्रेंट येथे, म्हणजे कारखान्यांच्या राजधानीत, चिनी मातीचे तंत्रशास्त्र शिकावयास गेला. हातकामाच्या पुरस्कर्त्या पित्याला ही गोष्ट रुचणारी नव्हती. परंतु डेव्हिड परतला तो मातीच्या मिश्रणाचे, भट्टीचे आणि हिशेबाचे शिस्तशीर ज्ञान घेऊन. १९३७ च्या सुमारास लाकडाऐवजी तेलावर भट्टी चालू लागली. गावातल्याच पोरांना उमेदवार म्हणून घेण्यात आले. पेला, सुरई, झाकणाचे सूपपात्र, अंडी भाजण्याची वाटी, ताटली अशा नित्याच्या भांड्यांचे नमुने, मापे आणि किमती ठरवून छापील सूचीपत्र काढण्यात आले. तीच भांडी आठवड्यामागून आठवडे शेकड्यांनी घडवावयाची, असा क्रम सुरू झाला. १९४० साली लीचने 'अ पॉटर्स बुक' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जगभरच्या कलावंत कुंभारांचा तो पुढे जणू नित्यपाठाचा ग्रंथ झाला. जानेवारी १९४१ मध्ये जर्मन बाँबने कार्यशाळेची मोठी हानी झाली, पण काम थांबले नाही. उलट युद्धाने अनपेक्षित साह्य केले. सरकारी निर्बंधामुळे इंग्रज कारखान्यांना देशातल्या विक्रीसाठी केवळ साधी पांढरी भांडी करता येत. नक्षीची भांडी परदेशी पाठवावी लागत, आणि हा निर्बंध १९५२ पर्यंत टिकला. रंग आणि झिलई ह्यांना आचवलेल्या गिऱ्हाइकाला सेंट आइव्हजची भांडी एकदम हवीशी झाली. मोठ्या दुकानांच्या मागण्या येऊ लागल्या.

इतिहासाने येथे एक धडा ठेवला आहे, असे आम्हांस वाटते. यंत्राविरुद्ध उभ्या राहिलेल्या ह्या कार्यशाळेला जगवले ते स्फूर्तीने नव्हे, तर पुनरावृत्तीने. तोच पेला हजार वेळा करण्याची शिस्त लागली, तेव्हा पगार निघू लागले. ही शिस्त म्हणजे कारखान्याचीच नक्कल, असे मात्र कोणी म्हणू नये. कारखान्यात माणसाच्या वाट्याला भांड्याचा तुकडा येतो. येथे त्याच्या वाट्याला संबंध भांडे येत होते. हजारावा पेला घडवणाऱ्याच्या हातात पहिल्या नऊशे नव्व्याण्णवांचे शिक्षण असते. आपला गावचा कुंभार शतकानुशतके हेच करीत आला होता. कलावंत कुंभाराला ते फिरून शोधावे लागले.

परंतु मग हे हात कोणाचे? सेंट आइव्हजच्या नित्याच्या भांड्यांवर केवळ कार्यशाळेची मुद्रा असे. लीचच्या स्वतःच्या भांड्यांवर तिच्या जोडीला त्याच्या नावाच्या आद्याक्षरांची मुद्रा असे. विल्यम मार्शल नावाचा गावातला पोरगा १९३८ साली, शाळा सुटताच, तेथे उमेदवार झाला. पुढे तो कारागिरांचा प्रमुख झाला आणि सुमारे चाळीस वर्षे तेथे राबला. लीचच्या उतारवयातील मोठी भांडी बहुतेक मार्शलने चाकावर उतरवलेली आहेत. लीचने रेखाटन करून द्यावे, मार्शलने घडवावे, मग लीचने त्यावर कुंचला फिरवून मुद्रा उठवावी, असा प्रघात होता. त्यात फसवणूक नव्हती. जाणकारांना ते ठाऊक होते. तरीही रस्किन-मॉरिसांच्या वारसाच्या घरी काम पुन्हा वाटले गेले होते, हे आपण नोंदवून ठेवले पाहिजे. केनेथ क्विक हा तसाच दुसरा गावकरी मुलगा. अत्यंत तयारीचा कारागीर म्हणून त्याचा लौकिक होता. तो हामादाकडे जपानला गेला आणि १९६३ साली तेथेच समुद्रात बुडून वारला. ह्या दोघांनी घडवलेली किती भांडी इंग्रज घरांत आज दूध-चहासाठी वापरली जात असतील, आणि त्यांची नावे घरच्यांना ठाऊकही नसतील!

हामादाने ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापरीने दिले. १९२३ च्या टोकियो भागातील भूकंपानंतर तो मायदेशी परतला आणि माशिको ह्या खेड्यात स्थायिक झाला. टोकियोच्या स्वयंपाकघरांना रांजण-भांडी पुरवणारे ते कुंभारांचे गाव. तेथल्याच मातीने, तेथल्याच झिलयांनी तो काम करू लागला आणि भांड्यावर मुद्रा उठवणे त्याने सोडून दिले. त्याचा मित्र यानागी नामहीन कारागिराच्या कृतीत सर्वोच्च सौंदर्य पाहत असे, आणि १९३६ साली त्याने टोकियोत लोककलेचे संग्रहालय उभारले. पण काळाचा विनोद असा, की १९५५ साली जपान सरकारने हामादाला राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरवले, आणि त्याचे बिनमुद्रेचे भांडे लोक लांबून ओळखू लागले. नाव टाकून दिल्याने नाव मिटत नाही. ज्याचे मुळीच उमटले नाही त्याचेच मिटते.

लीचचा शिष्य मायकेल कार्ड्यू पुढे आफ्रिकेत गेला. नायजेरियातील अबुजा येथे त्याने १९५१ साली कुंभारकामाचे शिक्षणकेंद्र काढले. क्वाली गावची लाडी नावाची कुंभारीण तेथे आली. ती चाकाशिवाय, हाताने मोठे रांजण घडवी. आज तिचे चित्र नायजेरियाच्या वीस नायरांच्या नोटेवर आहे. कुंभारणीचे नाव राष्ट्राने इतके जपल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या देशात ह्या पंथाचे आद्य पुरुष म्हणजे सरदार गुरुचरणसिंग. चिनी मातीचे काम शिकण्यासाठी ते तरुणपणी जपानला गेले. लीच, हामादा आणि यानागी ह्यांचा सहवास त्यांना तेथे लाभला. १९५२ साली त्यांनी दिल्लीत आपली कार्यशाळा काढली आणि तिच्यातून शिष्यांची मोठी मालिका निर्माण झाली. मुंबईत तर त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत जॉर्ज टेरी ह्यांच्या देखरेखीखाली कुंभारशाळा चालत असे. सिंधी कुंभारांची निळी झिलई आणि अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती ह्यांचा मेळ घालून तेथे सुरया आणि फुलदाण्या होत. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती भांडी पाहावयास मिळतात. पाहताना संस्थेचे नाव आपण वाचतो, टेरींचे नाव ऐकतो. चाकावर कोण बसले होते, ते विचारीत नाही.

लीच १९७९ साली निवर्तला. त्याच वर्षी त्याच्या पत्नीने, जॅनेट लीचने, नित्याच्या भांड्यांचे काम बंद केले. २००८ साली कार्यशाळेचा जीर्णोद्धार होऊन ती संग्रहालयासह पुन्हा उघडली. तेथे तरुण उमेदवार आज पुन्हा पेले आणि वाट्या घडवीत आहेत. ज्या कामाला कोणी कला म्हणत नव्हते, तेच काम फिरून सुरू करावे लागले, ही गोष्ट बोलकी आहे.

आमच्या कुंभारवाड्यांची कथा ह्याहून बिकट आहे. तांब्या-पितळेनंतर ॲल्युमिनियम आले, मग स्टील आले, मग प्लॅस्टिक आले, आणि मडके सणापुरते व उन्हाळ्यापुरते उरले. सेंट आइव्हजला लाभले ते धनिक पाठीराखे, छापील सूचीपत्र आणि शहरातील दुकाने आमच्या कुंभाराला लाभली नाहीत. एक गोष्ट मात्र दोघांना समान आहे. हातकाम गौरवाच्या भाषणांनी जगत नाही. रोज काही भांडी विकली गेली तर जगते. कारागिराच्या जिवावर उदार होऊन 'परंपरा टिकली पाहिजे' म्हणणे सोपे आहे. माठाची किंमत आठ आण्यांनी उतरवून घेण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांत आम्हीही आहोत.

गोरोबांची एक कथा आपण सारे जाणतो. संतमंडळी जमली असता त्यांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून कोण पक्के, कोण कच्चे ते सांगितले. कुंभाराच्या हाती परीक्षा सोपवण्याची ही एकच नोंद आमच्या वाङ्मयात असावी. कलावंत कुंभारांच्या शंभर वर्षांच्या इतिहासानेही तीच परीक्षा घेतली आहे, पण ह्या वेळी ती समाजाची आहे. भांड्याच्या बुडाशी मुद्रा असो वा नसो, त्यामागच्या माणसाला त्याच्या दिवसभराच्या कामाचे मोल मिळते की नाही, एवढ्यावरच समाज कच्चा की पक्का ते ठरावयाचे आहे.